मनूचं घर कोणतं? लक्ष्मीबाई टिळक, नागपूरची गाडी आणि एक हसवणारं पुस्तक

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळलेल्या जागा तेवढ्या काढल्यात, बाकी ऐकलं तसंच आहे.)

हेडफोन लावले? चला.

आज सुरुवात खापरी मेट्रो स्टेशनवरून करू. संध्याकाळी मिहानमधली शिफ्ट सुटते. कंपन्यांच्या बसेस, एम्सकडून येणारे ऑटो, पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात आयकार्ड. कोणी यवतमाळची, कोणी गोंदियाची, कोणी थेट हैदराबादहून आलेली. मेट्रोत बाजूला एखादी काकू बसली की पहिला प्रश्न ठरलेला: "तू कुठली गं?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना जरा थांबायला होतं. जन्म एका गावात, शाळा दुसऱ्या, नोकरी तिसऱ्या, आणि पीजीच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा. मग कुठली म्हणायचं?

आणि हा प्रश्न फक्त बाहेरून आलेल्यांनाच पडतो असंही नाही. मिहान उभं राहिलं ते रिकाम्या जागेवर नाही. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही गावं इथे होती, त्यातल्या लोकांची शेतं होती, देवळं होती. ज्यांची जमीन प्रकल्पात गेली त्यांना विचारा "तुम्ही कुठले?", तेही जरा थांबतात. म्हणजे एकाच फलाटावर दोन प्रकारची माणसं उभी. एकांनी गाव सोडलं, आणि दुसऱ्यांना गावाने सोडलं.

तर आजचा विषय हाच. आपली जागा शोधणारी एक मुलगी. आणि अट अशी की गोष्ट रडकी नको, हसवणारी पाहिजे.

अशी गोष्ट आपल्याकडे आहे का?

अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा गोष्टींची मोठी परंपरा आहे. लहान गाव, मोठं कुटुंब, कुटुंबात प्रत्येकाचं एक खूळ, आणि मधोमध एक तरुण मुलगी, जिला त्या घरात राहवतही नाही आणि त्या घरावाचून करमतही नाही. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावच्या युडोरा वेल्टी या लेखिकेची १९४१ सालची एक कथा आहे. तिची नायिका घरच्यांशी भांडते, आपलं सामान उचलते आणि गावातल्या पोस्ट ऑफिसात राहायला जाते. वाचताना आपण हसतो. शेवटी लक्षात येतं की ही पोरगी फार एकटी आहे.

मग मनात आलं, मराठीत असं काय आहे? मराठी कादंबरीत बाईचं दुःख पहिल्यापासून आहे. १८५७ साली आलेली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी मानतात, ती विधवांच्या हालांवर. १८९०च्या सुमारास हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?', तीही एका मुलीच्या हालांवर. दोन्ही मोठी पुस्तकं. पण दोन्ही पुरुषांनी लिहिलेली आणि दोन्हींत हसायला फारसं काही नाही. बाईने स्वतः लिहिलेलं, स्वतःवर हसणारं, आणि "माझं घर कोणतं" हा प्रश्न तळाशी असलेलं पुस्तक शोधायला गेलो तर एका नावाशी येऊन थांबावं लागतं.

'स्मृतिचित्रे'. लेखिका लक्ष्मीबाई टिळक. पहिला भाग १९३४ साली आला. तेव्हा बाईंचं वय होतं ६६. सहासष्टाव्या वर्षी पदार्पण!

आधीच सांगतो, ही कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. माणसं खरी, गावं खरी. पण शाळेत एखादा धडा वाचून "आत्मचरित्र म्हणजे बोअर" असं तुमचं मत झालं असेल तर ते आज बाजूला ठेवा. लोक हे पुस्तक कादंबरीसारखं एका बैठकीत वाचत आलेत. आणि त्यातली एक महत्त्वाची वळणाची जागा आपल्या नागपूरच्या रेल्वेमार्गावर आहे.

मीठ धुणारं घर

मुलीचं माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरचे म्हणायचे मनू. जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर हे गाव. लहानपणाबद्दल बोलताना मी तिला मनूच म्हणणार आहे, राग मानू नका. पुढे लक्ष्मीबाई म्हणू.

मनूच्या घरात एक भीती वस्तीला होती. १८५७च्या धामधुमीत तिच्या आजोबांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. वेड हा शब्द मी जपून वापरतोय. सोवळं-ओवळं त्या काळी सगळ्याच ब्राह्मण घरांत होतं, पण इथे बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. आता मीठ धुतलं की काय उरतं ते तुम्हीच सांगा!

आज आपण त्याला कदाचित मानसिक आजार म्हणू. त्या काळी त्याला धर्म म्हणत. आणि तो सांभाळायचं काम कोणाचं? घरातल्या बायकांचं. पाणी त्यांनी आणायचं, धुणं त्यांनी धुवायचं, आणि विटाळ झाला की बोलणीही त्यांनीच खायची. वडील बाहेर गेले की ते घर मोकळा श्वास घ्यायचं.

लक्ष्मीबाई हे सगळं सांगतात आणि आपण हसत सुटतो. वडिलांची तक्रार त्या करत नाहीत. समोर जे घडत होतं ते सांगतात, सरळ, बारीकसारीक तपशिलांसकट, आणि हसू त्या तपशिलातून येतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: शिवाशिवीच्या भीतीवर उभं असलेलं घर ही या मुलीची सुरुवात आहे. पुढे सगळी गोष्ट त्याच भीतीशी येऊन भिडणार आहे.

नाव बदललं, घर बदललं

१८८० साली मनूचं लग्न झालं. वय अकरा-बारा. नवरा नारायण वामन टिळक, वय अठरा. हे लोकमान्य टिळक नव्हेत हं, दरवेळी हा घोळ होतो. हे कवी टिळक, पुढे मराठीत 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले गेले ते. लग्नात रिवाजाप्रमाणे मुलीचं नाव बदललं. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली.

सासरी सासू नव्हती, सासरे तापट. आणि नवरा? नवरा म्हणजे एक प्रकरणच. संस्कृतचा अभ्यास दांडगा, कविता उत्स्फूर्त, वक्तृत्व असं की सभा डोलावी. पण नोकरी टिकेल तर शपथ! स्वभाव शीघ्रकोपी. मनात आलं की निघाले, कुठे ते सांगायचं नाही, परत कधी येणार तेही नाही. हातात पैसे आले की समोर जो गरजू दिसेल त्याला देऊन मोकळे. घरात चूल पेटवायची कशी हा प्रश्न लक्ष्मीचा.

बायकोला शिकवायची मात्र हौस फार. धडे सुरू व्हायचे, मग चिडाचीड, मग धडे बंद. असं तुकड्यातुकड्यांत लक्ष्मी वाचायला शिकली. शाळेत ती कधी गेलीच नाही. पुढे म्हातारपणी जे पुस्तक लिहिलं ते या भांडवलावर.

लग्नानंतरची काही वर्षं म्हणजे नुसती फिरती. कधी नवऱ्याबरोबर, कधी नातेवाइकांकडे, कधी माहेरी. बॅग भरायची, बॅग सोडायची. पीजी बदलणाऱ्यांनो, तुम्हाला हे कळेल.

नागपूर

१८९१च्या सुमारास हे बिऱ्हाड नागपूरला आलं.

नाशिककडून नागपूरला यायचा रेल्वेचा रस्ता भुसावळ, बडनेरा, वर्धा असा. मुंबईहून निघालेला हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. वर्ध्यावरून येणारी गाडी बुटीबोरी, गुमगाव, खापरी, अजनी अशी शहरात शिरते. म्हणजे आज जिथे मिहानच्या काचेच्या इमारती दिसतात, त्याच्या बाजूनेच. तेव्हा तिथे शेतं असणार, आणि उन्हाळ्यात तोच आपला ओळखीचा फुफाटा.

नागपुरात टिळकांना आसरा मिळाला तो अप्पासाहेब बुटींचा. बुटी हे नागपूरचं बडं सावकार घराणं. शिर्डीत साईबाबांची समाधी ज्या वाड्यात आहे तो बुटी वाडा नागपूरच्याच गोपाळराव बुटींनी बांधलेला. अप्पासाहेबांना जुन्या संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी जाणकार माणूस हवा होता, आणि टिळकांना काम हवं होतं. इथेच टिळकांनी 'ऋषि' नावाचं मासिकही चालवलं, विषय धर्मविचार. हिंदू धर्मात काय ठेवावं, काय टाकावं, याचा त्यांच्या डोक्यात तेव्हा नुसता कल्लोळ चालला होता.

नागपुरातही ते टिकले नाहीत. पुढचा मुक्काम राजनांदगाव. आज हे शहर छत्तीसगडमध्ये आहे. तेव्हा ते बैरागी महंत-राजांचं छोटं संस्थान होतं, आणि बंगाल नागपूर रेल्वेच्या लाइनवर होतं. राजाच्या छापखान्यात टिळकांना नोकरी मिळाली.

आणि आता ती गाडी. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात टिळकांच्या समोर एक गोरा मिशनरी बसला होता, अर्नेस्ट वॉर्ड. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या त्या धर्मावर नव्हे, संस्कृत काव्यावर. उतरताना वॉर्डने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पदच वाटलं असणार. पण पुस्तक वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून हललेच नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या पाद्र्याकडून न घेता भारतीय पाद्र्याकडून घेतला. स्वाभिमान तिथेही सोडला नाही.

सगळं ठीक. पण बायकोला विचारलं होतं का? नाही.

ना सवाष्ण, ना विधवा

इथे जरा थांबून त्या काळाचं गणित समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

१८९५ साली ब्राह्मण घरातला पुरुष ख्रिस्ती झाला म्हणजे तो जातीला मेला. त्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या ताटाला ताट लागत नाही. मग त्याच्या बायकोचं काय? ती विधवा नाही, कारण नवरा जिवंत आहे. ती सवाष्ण आहे का? कुंकू लावते खरी, पण हळदीकुंकवाला तिला पाहून बायका कुजबुजतात. नवऱ्याकडे जावं तर जात सुटते, म्हणजे आई-बहीण-भाऊ सगळे सुटतात. न जावं तर जन्मभर कोणाच्या तरी दारात.

कायद्यात एक वाट होती. १८६६ साली इंग्रजांनी धर्मांतरितांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायकोने त्याच्याबरोबर राहायला नकार दिला, तर त्याला कोर्टात जाता यायचं, ठरावीक मुदतीनंतर लग्न मोडायचं आणि दुसरं करायचं. टिळकांनी ते केलं नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पण लक्षात घ्या, वाट पाहण्याची चैन त्यांना होती. त्यांच्याकडे नोकरी होती, नवा समाज होता, मित्र होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या लक्ष्मीकडे काय होतं? कडेवर एक लहान मुलगा, दत्तू.

पुढची चार-पाच वर्षं ती नातेवाइकांकडे राहिली. नाशिक, जलालपूर, पंढरपूर. माणसं वाईट नव्हती. कित्येकांनी तिला फार मायेने सांभाळलं. पण माया वेगळी आणि हक्काची जागा वेगळी. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपण कितीही भाकऱ्या थापल्या तरी डबा कुठल्या फळीवर ठेवायचा हे दुसरंच कोणी ठरवतं.

हा पुस्तकातला सगळ्यांत अंधारा भाग. आणि इथेही बाई मधेच असं काही सांगून जातात की हसू फुटतं, आणि हसल्याबद्दल आपल्यालाच अपराधी वाटतं. कविता करायलाही त्या याच काळात लागल्या.

एक पेला पाणी

शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या. नगर म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचं मोठं केंद्र. आल्या त्या एका अटीवर: मी तुमच्याबरोबर राहीन, पण ख्रिस्ती होणार नाही. टिळकांनी ते कबूल केलं आणि त्यांचं सोवळं त्यांना सांभाळता यावं अशी सोयही करून दिली. एकाच संसारात दोन धर्म, दोन पाण्याची भांडी.

कल्पना करा. मिशनच्या वस्तीत आजूबाजूला सगळे ख्रिस्ती, त्यातले बरेचसे महार-मांग समाजातून आलेले. आणि मध्ये ही एकटी बाई, मीठ धुणाऱ्या बापाची लेक, आपलं पाणी वेगळं भरते आहे.

मग एक दिवस ती विचार करत बसली. कोणाचं भाषण ऐकून नाही, कोणी पुस्तक दिलं म्हणून नाही. स्वतःच्या डोक्याने. विचार साधारण असा: देवानेच जाती केल्या असत्या तर त्या शरीरात दिसल्या असत्या. गाय आणि घोडा वेगळे आहेत ते बघून कळतं. ब्राह्मण आणि महार बघून कळतात का? नाही. मग हे देवाचं काम नव्हे, माणसांचं आहे. झालं! सगळ्यांच्या हातचं पाणी प्यायचं तिने ठरवलं.

मंडळी, ही मराठी साहित्यातली एक मोठी जागा आहे, आणि ती किती साधी आहे बघा. क्रांती, घोषणा, मोर्चा काही नाही. एक बाई बसून हिशेब करते, जसा वाण्याचा हिशेब करावा तसा, आणि तो चुकलाय असं तिला दिसतं.

लक्षात घ्या, जात तिने आधी टाकली, धर्म नंतर बदलला. जात टाकली म्हणून लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. तो पुढे, १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर. नवऱ्याच्या मागून ती आली, पण त्याच्या वेळेवर आली नाही. आपल्या वेळेवर आली.

मला विचाराल तर "माझं घर कोणतं" या प्रश्नाचं तिचं उत्तर त्या पाण्याच्या भांड्यात आहे. कोणी येऊन "तू आमची" असं तिला म्हणालं नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं ते तिने ठरवलं, आणि तेवढी माणसं तिची झाली.

दोन्हीकडे हसणारी बाई

आता कोणी म्हणेल, मग ती ख्रिस्ती झाली आणि सुखी झाली, संपलं. तसं नाही. गंमत पुढे आहे.

त्या काळी धर्मांतराच्या गोष्टी दोन साच्यांत लिहिल्या जायच्या. मिशनवाल्यांच्या साच्यात आधी सगळा अंधार, मग सगळा प्रकाश. सनातन्यांच्या साच्यात बिचारी फसली, बुडाली. लक्ष्मीबाई दोन्ही साच्यांत बसत नाहीत. सोवळ्याच्या वेडावर त्या हसतात, तशा मिशनच्या बंगल्यातल्या शिस्तीवरही हसतात. नवऱ्याच्या विसरभोळेपणावर तर पानंच्या पानं. आणि सगळ्यांत जास्त हसतात स्वतःवर: आपलं अडाणीपण, आपला हट्ट, आपली फजिती.

आपण कोणावर हसतो? ज्याची भीती वाटते त्याच्यावर उघड हसता येत नाही. परक्यावर हसलो तर ते टोचून होतं. मोकळं, प्रेमाने, तोंडावर हसता येतं ते आपल्याच माणसांवर. लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांवर आणि नगरच्या ख्रिस्ती मंडळींवर सारख्याच मोकळेपणाने हसतात, म्हणजे दोन्ही घरं त्यांनी आपली मानलेली आहेत. गोखल्यांच्या घरात त्यांना पुन्हा पहिल्यासारखं जाता आलं नसेल. पण ते घर त्यांनी सोडून दिलं नाही.

आणि ज्या बाईला स्वतःला घर नव्हतं, तिचं घर पुढे किती जणांना आसरा झालं! नगरात प्लेग आला तेव्हा त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. टिळकांच्या घरी कायम कोणी ना कोणी राहायला असायचंच. त्यातला एक पोरगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. तुम्ही त्याला शाळेतल्या पुस्तकातून ओळखता: बालकवी. हा हिंदू ब्राह्मण घरातला मुलगा या ख्रिस्ती घरात राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला आईच्या मायेने सांभाळलं. १९१८ साली, तिशीही गाठली नव्हती, तो भादलीजवळ रेल्वेखाली गेला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ला, टिळकही गेले.

पुस्तक कसं झालं?

टिळक गेल्यावर मुलाने, म्हणजे त्या कडेवरच्या दत्तूने, आता देवदत्त टिळकांनी, वडिलांचं चरित्र लिहायचं मनात घेतलं. त्यासाठी आईला म्हणाले, तुला जे आठवतं ते लिहून दे. म्हणजे बघा, मुळात हे काम होतं नवऱ्याच्या चरित्रासाठी माहिती पुरवण्याचं. बाई लिहायला बसल्या, आणि लिहिता लिहिता नायक बाजूला राहिला, नायिका पुढे आली.

लिखाण कसं? शुद्धलेखनाच्या नावाने बोंब. पण भाषा अशी की कोणी पाटावर बसून, तांदूळ निवडत आपल्याला सांगतंय. तेव्हाच्या शिकलेल्या मराठीत संस्कृत शब्दांची भरताड असायची. लक्ष्मीबाईंना ती येतच नव्हती, आणि तेच पुस्तकाचं नशीब! शंभर वर्षं होत आली, त्या काळचे कित्येक पंडिती ग्रंथ आज उघडवत नाहीत, आणि ही शाळेत न गेलेली बाई आजही ताजी वाटते. एक सांगू? आपण पॉडकास्टवाले जे करायला बघतो, बोलल्यासारखं लिहायचं, ते यांनी १९३४ सालीच करून ठेवलंय.

पुस्तक चार भागांत आलं, १९३४ ते १९३६. २४ फेब्रुवारी १९३६ला लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, त्याचे पुढचे ६४ अध्याय लिहून त्यांनी ते पुरं केलं होतं. 'स्मृतिचित्रे' इंग्रजीत एकाहून जास्त वेळा गेलं. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी अनुवाद केला, २०१७ साली शांता गोखले यांनी पुन्हा केला. विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी मेहनतीने त्याची संपादित आवृत्ती काढली.

पुन्हा नागपूर

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती.

१९३३ साली नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष कोण? लक्ष्मीबाई टिळक.

विचार करा. १८९१ला ही बाई नागपुरात आली तेव्हा तेविशीची होती. एका फिरत्या कवीची बायको, दुसऱ्याच्या आधाराने राहणारी, धड लिहिताही न येणारी. इथूनच सुटलेल्या एका गाडीत तिचा संसार उलटापालटा झाला, आणि ती त्या डब्यात नव्हतीसुद्धा. चाळीस-बेचाळीस वर्षांनी त्याच शहरात ती व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसली. समोर लेखक-कवी बसलेले. आणि तोवर तर 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने आलंही नव्हतं!

त्या वेळी तिला कोणी विचारलं असतं, "बाई, तुम्ही कुठल्या?", तर काय म्हणाली असती? जलालपूरची, नाशिकची, नगरची? मला वाटतं ती आधी हसली असती.

आता पुन्हा खापरीच्या फलाटावर येऊ. तुमच्यातल्या कोणाला इथे येऊन सहा महिने झालेत, अजून शहर आपलं वाटत नाही. घरी फोन केला की आई म्हणते "आवाज असा काय येतोय", आणि तुम्ही म्हणता "काही नाही, नेटवर्क". कोणाचं शेत धावपट्टीच्या हद्दीत गेलंय आणि नव्या लेआउटमधल्या घराला घर म्हणवत नाही. लक्ष्मीबाईंची गोष्ट ऐकून हे सगळं सुटेल असं मी म्हणणार नाही. शेत गेलं ते गेलंच. तिचंही माहेर गेलं ते गेलंच, पुस्तक लिहून ते परत आलं नाही.

पण तिच्याकडून एक गोष्ट उचलता येते. कोणी दार उघडून "ये, हे तुझं घर" म्हणेल याची ती वाट बघत बसली नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं ते तिने ठरवलं, आणि मग आपल्या दारात कोण येतंय तेही बघायला लागली. आजूबाजूला बघा जरा. मेसमध्ये एकटी जेवणारी कोणीतरी असेलच. तिच्या समोर ताट ठेवून बसा. "तू कुठली?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "तर्री चालते का तिखट?"

'स्मृतिचित्रे' कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळतं. जाड आहे म्हणून घाबरू नका. पहिली वीस पानं वाचा, वडिलांच्या सोवळ्याची. नाही हसलात तर मला मेसेज करा, पुस्तकाचे पैसे माझ्याकडून.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर उन्हात फिरू नका, रुमाल बांधा, आणि हो, पाणी प्या. कोणाच्याही हातचं.